विहिणीच्या गॅरेजमधल्या लॅम्प्री

नंदा मेश्राम वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकून कुणाचाही गैरसमज व्हायचा. इंग्लंडातल्या स्लाऊमध्ये कुणाच्या घरी दुःखद काही घडलं की पहिला डबा तिचा पोहोचे. विहारातल्या रविवारच्या वंदनेला सतरंज्या अंथरायला ती सगळ्यांच्या आधी हजर असे. हाउन्सलोला विमानातल्या जेवणाच्या किचनमध्ये तिने उभी हयात ट्रे भरण्यात घालवली होती, आणि डोक्यावरून विमान गेलं की ‘जा बाबा, पोटभर जेवून जा’ असं ती त्याला सांगे. फक्त एक गोष्ट तिला सोसत नसे. आपलं माणूस दुसऱ्याच्या अंगणात रमलेलं तिला बघवत नसे. नवरा सुखदेव शेजारी चहा पिऊन आला तर ती घरी आल्याआल्या दुप्पट साखरेचा चहा करी आणि तो संपेपर्यंत त्याच्यासमोर बसून राही.

आणि लेक तर एकुलती एक. नंदा लग्न होऊन नागपूरच्या इंदोऱ्यातून आली ती पंचाहत्तर साली, आणि दोन वर्षांनी ऐन थंडीत मीनल झाली. सुखदेव कारखान्यात पाळीवर. आई इंदोऱ्यात, तिला आणायचं कुणी आणि कसं. हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा बाळाला तेल लावायला, तिची कंबर शेकायला, ‘तू पड जरा’ म्हणायला घरात चिटपाखरू नव्हतं. सिंकपाशी उभ्याउभ्या तिने गार टोस्ट खाल्ला, रडली, आणि तान्ह्या पोरीला सांगितलं की तुझ्या वेळी मी असेन. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे तिने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. पुढच्या तीस वर्षांत तिने दुसरं काही एवढ्या जिद्दीने मागितलं नाही.

मीनल शिकली आणि नद्यांच्या खात्यात लागली. ओळखीपाळखीच्या मुली डॉक्टर झाल्या, अकाउंटंट झाल्या. नंदाची लेक छातीपर्यंत रबरी पँट चढवून ओढ्यात उतरायची. तिचा जीव जडला होता तो लॅम्प्री नावाच्या प्राण्यावर. एकदा जेवताना तिने उत्साहाने त्याच्या तोंडाचा फोटो ताटाशेजारी ठेवला. गोल तोंड, आत दातांवर दात. नंदाने फोटो पालथा घातला आणि म्हणाली, ‘जेवताना नको गं.’ मीनलने तो उचलून बॅगेत टाकला. त्यानंतर तिने आईला फोटो दाखवले नाहीत, आणि नंदाला वाटलं, बरं झालं.

मग मीनलचं लग्न झालं. जावई इंद्रजित, मेडनहेडच्या एका कम्प्युटर कंपनीत. लाखात एक मुलगा, पण त्याला आई होती. अलका खोब्रागडे, विधवा, बाळंतिणींच्या वॉर्डातून निवृत्त झालेली नर्स. स्वतःची गाडी, मेडनहेडला स्वतःचं घर, मीनल आता तिथेच राहायची, आणि आवाज असा मऊ की त्यांच्याशी भांडायला काही हाताला लागत नसे. मीनल आधी त्यांना अलकाआंटी म्हणायची. वर्षभरात एके दिवशी फोनवर ‘मम म्हणाल्या’ असं आलं. नंदाने फोन ठेवला आणि सुखदेवला विचारलं की ही मम कोण. तो म्हणाला, आई आणि मम एकच की. त्या रात्री त्याच्या ताटात करपलेल्या पोळ्या आल्या.

खरी ठिणगी पडली ती नंदा पहिल्यांदा मेडनहेडला दोन दिवस राहायला गेली तेव्हा. गॅरेजमध्ये एक मोठा प्लॅस्टिकचा टब होता. तळाशी वीतभर गाळ, वर गढूळ पाणी, बुडबुडे सोडणारं छोटं मशीन. अलकाताई ब्रेडचं यीस्ट कोमट पाण्यात कालवून त्यात चमच्याचमच्याने सोडत होत्या.

‘हे काय?’ नंदाने विचारलं.

‘मीनलची बाळं,’ अलकाताई हसून म्हणाल्या.

आणि मग त्या सांगत बसल्या, नंदाला, नंदाच्याच मुलीचं काम. लॅम्प्री दिसायला वामसारखी, पण वाम नव्हे. तिला जबडा नाही, खवले नाहीत, अंगात एक हाड नाही. डोळ्यामागे बासरीला असतात तशी भोकांची रांग, त्यातून श्वास. नदीच्या मुखाशी, समुद्राजवळ गेली की मोठ्या माशाला तोंडाने चिकटते, दातांनी कातडं खरवडते आणि रक्त पिते. तिच्या लाळेत असं काही असतं की ते रक्त गोठतच नाही. मोठी झाली की नदीत परत शिरते, आणि त्या क्षणापासून खाणं बंद. आतडं सुकून जातं. तशा उपाशी पोटी तोंडाने दगड ओढून ती घरटं करते, अंडी घालते आणि मरते. पिल्लं मात्र आंधळी, बिनदाताची, चार-पाच वर्षं गाळात तोंड खुपसून बसतात. वाहत येईल ते खातात. एखाद्या उन्हाळ्यात त्यांना डोळे फुटतात, दात येतात. त्यात गंमत अशी की जाती दोन. एक ओढ्यातच राहते, डोळे आल्यावर घासभरही खात नाही, कुणाच्या वाटेला जात नाही. दुसरी ही रक्त पिणारी. पिल्लं असताना दोघी हुबेहूब सारख्या, कुणाला ओळखता येत नाहीत. नदीवर जागोजागी बांध घातलेत, ते ओलांडून रक्त पिणारी इथवर येणार नाही असं सगळे म्हणत. मीनलचं म्हणणं, येते. म्हणून ही पिल्लं सांभाळायची, दात येईपर्यंत. ऑफिसात जागा नव्हती, गॅरेज थंड होतं, काळोखं होतं. पिल्लांना उजेड सोसत नाही.

नंदा मान डोलवत होती आणि आतून जळत होती. एवढं सगळं मीनलला ठाऊक होतं, आणि ते ऐकायला तिने दुसरी आई शोधली होती. रात्री पाहुण्यांच्या खोलीत तिला आठवलं की एक फोटो पालथा घातला होता. पण ती आठवण तिने फार वेळ राहू दिली नाही. चूक आपली असली की राग धरायला माणूस परका लागतो, आणि अलकाताई शेजारच्याच खोलीत होत्या.

दोन हजार सहाच्या सुरुवातीलाच मीनलला दिवस गेले. नंदाने त्याच आठवड्यात मागची खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला, पाळणा आणला, अळीव आणि डिंक भरून ठेवले. मीनलने मात्र नक्की काही सांगितलं नाही. ‘बघू ना आई. इकडून हॉस्पिटल फाइव्ह मिनिट्स आहे. आणि मम मिडवाइफरीवाल्याच आहेत.’ हे ‘बघू’ नंदाच्या घशात हाडासारखं अडकलं. ती रोज फोन करी, आणि रोज पलीकडून अलकाताईंच्या भांड्यांचा आवाज येई.

ऑगस्टमध्ये विहाराच्या हॉलात डोहाळजेवण केलं. नंदानेच घाट घातला, हिरवी साडी आणली, नाश्ता केला. बायकांनी विचारलंच, बाळंतपण कुठे? अलकाताई शेजारीच बसलेल्या. नंदाने संधी साधली. टीव्हीवर तिने एक कार्यक्रम बघितला होता, तो ती मनात घोळवून आली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की आपलं सोडा, मीनलच्या माशांनासुद्धा अक्कल आहे. कुठल्याकुठे समुद्रात जातात, पण पिल्लं घालायला जिथे जन्मले तिथेच येतात. माहेरी.

बायका खूश झाल्या. मीनलला हसू आवरेना. तिच्या मनात काही नव्हतं, ही तिची खोडच होती. कुणी तिच्या प्राण्याविषयी चुकीचं बोललं की दुरुस्त करायची.

‘नाही आई, ती सॅमन. लॅम्प्री तसा करत नाही. ती जन्माचीच नदी शोधत नाही. गाळात दुसऱ्यांची बाळं असतात ना, त्यांचा स्मेल पाण्यात येतो, त्याच्यावरून ती नदी चूज करते. कोणाची पण बाळं असू दे. तिथे बाळं जगतात म्हणजे जागा सेफ आहे, एवढंच ती बघते.’

कुणीतरी म्हणालं, मग तर नर्सबाईंचंच घर. हशा पिकला. अलकाताई घाईने म्हणाल्या की छे, छे, मीनलला वाटेल तिथे ती जाईल. त्यांच्या त्या समजूतदारपणाने नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. हरवलं तर हरवलं, वर पाठीवर हात कशाला फिरवायचा? तिने सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली नाही, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही याचाही राग धरला.

त्यानंतरच्या आठवड्यात ती लाडवांचा डबा घेऊन न कळवता मेडनहेडला गेली. दार इंद्रजितने उघडलं. कानाला फोन, तोंडाने इंग्रजी. खुणेनेच बसा म्हणाला. मध्येच फोनवर हात धरून त्याने सांगितलं की मीनल आणि मम स्कॅनला गेल्यात, येतीलच. मग तो वर गेला.

स्कॅन. बाळ हलताना दिसतं तो स्कॅन. नंदाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ती सोफ्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. रिकाम्या हाताने बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिने सिंकमधले कप धुतले, टॉवेलांच्या घड्या केल्या आणि फिरत फिरत गॅरेजमध्ये गेली.

टबाला वास येत होता. गाळाचा, यीस्टचा, आंबूस. तिने दिवा लावला आणि तिला वाटलं, काय ही अवस्था. घरात पोटुशी मुलगी, उद्या तान्हं बाळ येणार, आणि ही नर्स म्हणवणारी बाई उंबऱ्यापाशी चिखल पाळतेय. ज्यांना मीनलची बाळं म्हणते त्यांना असल्या घाणीत ठेवते. मीनल येईल तेव्हा बघू दे, खरी काळजी कुणाला आहे ते.

एकदा मनाने घेतलं की नंदाचे हात थांबत नसत. तिने अलकाताईंची पुरणाची चाळणी आणली. गाळ तांब्याने काढायचा, चाळणीत ओतायचा, वरून नळाचं पाणी. पिल्लं एकेक करून वर आली, बोटाएवढी, तपकिरी, वळवळती. किळस आली, पण तिने ती गिळली. हळूच धरून, अंगठ्याने पाठीवरचा चिखल काढून, तिने प्रत्येकाला न्हाऊ घातलं. काहींना खरंच डोळे फुटू लागले होते. कातडीखाली दोन काळे ठिपके दिसत होते. ते बघून तिला, कसं कोण जाणे, एकदम माया आली. तिने स्वच्छ पांढरी बादली घासली, नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि सगळ्यांना त्यात सोडलं. मग बादली मागच्या अंगणात उन्हात नेऊन ठेवली, उबेला. गाळ गुलाबाच्या मुळाशी टाकला आणि टब चकचकीत केला.

पिल्लं बादलीच्या तळाला डोकी आपटत होती. शिरायला गाळ शोधत होती ती. नंदाला वाटलं, खेळताहेत. ती समाधानाने आत गेली आणि भाजी निवडायला बसली. परत येऊन बघते तो बादलीत हालचाल नव्हती. नळाच्या पाण्यातलं औषध, ऊन, उजेड. काय ते तिला कळलं नाही. तिने बोटाने ढवळून पाहिलं. एकही वळवळलं नाही. ती तिथेच फरशीवर बसली आणि गाडीचा आवाज आला.

पुढे अलकाताई होत्या. त्यांनी उघडा टब बघितला, दारातून बादली बघितली, बादलीपाशी बसलेली विहीण बघितली. मागून मीनल पोट सावरत येत होती. दोघी विहिणींची नजर एकदाच भेटली, आणि नंदाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत अलकाताई वळल्या.

‘मीनल, माझी चूक झाली गं,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळी नंदाताईंचा फोन आला तेव्हा मीच त्यांना म्हटलं की येताय तर टब बदलून टाका. पाणी आधी ठेवून द्यायचं असतं, हे सांगायचं राहिलं.’

मीनल बादलीपाशी वाकली. ‘माझा सगळा काम गेला,’ एवढंच म्हणाली आणि रडू लागली. ती रडू लागली तेव्हा खरं बोलायची वेळ होती. नंदाने मान खाली घातली. कुणी पाहिलं असतं तर त्याला ती मान डोलावल्यासारखी वाटली असती.

आठवड्याने मीनलचा फोन आला. बाळंतपणाला ती स्लाऊला येते आहे.

नंदाने देवाला नाही, पण सुखदेवला हात जोडले. सासूवर चिडली म्हणून येतेय, हे उघडच होतं. नंदा ते स्वतःशी शंभरदा म्हणाली. पदरात पडलं होतं, पण पचत नव्हतं. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पहिल्याच शीलाला, ‘पाणातिपाता वेरमणी’ला तिचा आवाज बसे. जीव घेणार नाही, असं सगळ्यांसोबत म्हणायचं आणि डोळ्यासमोर ती पांढरी बादली. शेजारी अलकाताई असत. त्या मोकळ्या आवाजात म्हणत. खोटं त्या बोलल्या होत्या, आणि आवाज हिचा बसत होता.

ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली. नाव मायरा. नंदाने हाउन्सलोच्या किचनमधून रजा काढली आणि जे तिला मिळालं नव्हतं ते सगळं केलं. मेथी, अळीव, शेक, धुरी. सकाळी पाय पसरून त्यावर बाळाला घ्यायची, बदामाचं तेल, मग ऊन ऊन पाणी. मीनल पलंगावरून बघत असे आणि कधीकधी तशीच झोपून जाई. एवढं सुख नंदाला सोसवेना. त्यात अलकाताई भेटायला आल्या. रडणारी मायरा त्यांच्या खांद्यावर गेली आणि गप्प झाली. नंदा स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसली.

दुसऱ्या दिवशी बाळाला पुसताना ती मीनलकडे न बघता बोलली.

‘ती पिल्लं माझ्यामुळे मेली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आपल्याच मनाने केलं.’

‘माहीत आहे, आई.’

नंदाचा हात थांबला. मीनल अगदी साध्या आवाजात सांगत होती. मम टब बदलायला दुसऱ्या कुणाला सांगणारच नाहीत, त्या स्वतःच्या मुलाला पण हात लावू देत नव्हत्या. आणि सिंकमध्ये पुरणाची चाळणी होती, चिखलाने भरलेली. राग आला होता, खूप. अजून थोडा आहे. पुढच्या वर्षी ओढ्यात परत उतरायचं, परत गाळ काढायचा. लॅम्प्री काही कुठे जात नाही.

‘मग तू इकडे आलीस कशी?’ नंदाने विचारलं. ‘सासूवर चिडून नाही?’

मीनलने मान हलवली.

‘मी येणार नव्हते. ममनी पाठवलं. म्हणाल्या, मला तर हे बाळ रोज दिसणार आहे, जन्मभर. नंदाताईंना सव्वा महिना तरी मिळू दे.’

नंदाने बाळाचे पाय पुन्हा पुसले. तीस वर्षं जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि ते त्या बाईने दिलं होतं. जिच्याकडे भरपूर आहे तिने वाटीभर काढून द्यावं तसं. ती परत करायला जावं तरी आपलीच वाटी लहान. रागावायला तिने मनात खूप शोधाशोध केली. अलकाताईंची एकही चूक सापडेना, आणि ते सगळ्यात जास्त लागलं. आणि अलकाताईंचा हिशेब खराही होता. सव्वा महिन्यातला अर्धा कधीच संपला होता.

तिने मायराला दुपट्यात गुंडाळलं, घट्ट, आणि मांडीवर घेतलं. डोळे पुसले ते बाळाच्याच दुपट्याच्या टोकाने.

‘फोन लाव त्यांना,’ ती शेवटी म्हणाली. ‘म्हणावं उद्या सकाळी लवकर या. मायराला अंघोळ तुम्ही घाला.’

मीनल उठून बसली. फोन शोधू लागली, आणि नंबर लावेपर्यंत नंदाला राहवलं नाही.

‘पण सांग त्यांना,’ ती म्हणाली, ‘तेल मी लावणार.’